सतरा किलोंची ओढ

आवाज आधी आईंना ऐकू आला.

कळंबहून देवळीकडे निघालो होतो. आई म्हणजे माझ्या सासूबाई. दर महिन्याला त्यांना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवायला न्यावं लागतं आणि ते काम माझ्याकडे आहे. नवरा शेतीत गुंतलेला असतो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तर शाळेतून एक दिवस रजा काढायची आणि जुनी आल्टो बाहेर काढायची, असं गेली तीन वर्षं चाललंय. तो सप्टेंबर होता. रस्ता ओला, दोन्ही बाजूंना कपाशी कमरेला लागलेली. वर्धा नदीचा पूल ओलांडला आणि आई म्हणाल्या, "खालून काय वाजून राह्यलं वं? टकटक करून राह्यलं."

मी काच खाली करून कान दिला. वेग वाढवला की टकटक जलद, कमी केला की संथ. गिअर बदलला तरी तिच्यात फरक नाही. म्हणजे इंजिनाचं काही नव्हतं, आवाज चाकाबरोबर फिरत होता. मग लक्षात आलं, स्टिअरिंगलाही बारीक कंप आहे. तापात हात थरथरतो तसा. गाडी कडेला घेतली आणि पुढच्या डाव्या चाकाची टोपी काढली. चार नटांपैकी एक नुसत्या बोटांनी फिरला, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरावं तसा. दुसराही फिरला. उरलेल्या दोघांना पाना लावल्यावर काहीच जोर लागला नाही.

आई काचेतून बघत होत्या. मी त्यांना काही बोलले नाही. अजून चार-पाच किलोमीटर गेलो असतो तर काय झालं असतं, हे मात्र माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं आणि पाना धरलेला हात थांबत नव्हता. होता तेवढा जोर लावून चारही नट आवळले आणि तिशीच्या वेगानं देवळी गाठली.

दोन दिवसांपूर्वी तेच चाक शेताच्या पांदणीत पंक्चर झालं होतं. पंक्चर एका रस्त्यावरच्या दुकानात काढून घेतलं. पोरानं चाक चढवलं, एअर गन लावून चारदा ट्रर्र केलं, टोपी ठोकली, झालं. मी शेजारीच उभी होते. नेमकं काय बघायचं हे माहीत नव्हतं, म्हणून काहीच बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कळंबच्या आमच्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी चाक उतरवून रिमची आतली बाजू माझ्याकडे केली. रिमचा जो सपाट भाग हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या लोखंडी भागाला टेकतो, त्यावर काळ्या मातीचा वाळलेला पापुद्रा होता. नखानं उचलला तर पापडाच्या तुकड्यासारखा सुटून हातात आला. एका बाजूनं हबचे ओरखडे त्याच्यावर उमटलेले, कडा भुगा झालेल्या. पांदणीतल्या चिखलासकट चाक वर चढलं होतं.

"माती मधात राह्यली का नट मातीले आवळते, रिमले नाई," काका म्हणाले. "मंग गाडी चालली का माती दयते. माती दयली का नट ढिल्ला. पोरानं गन लावली होती ना? लावलीच असन. गनीचा काही इलाज नाई त्याच्यावर."

रिमची भोकं अजून गोल आहेत, लांबोडकी झालेली नाहीत, हे त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि चाक साफ करून परत बसवलं. त्या दिवशी ते आणखीही बरंच बोलले असतील. मी त्यातलं एकच घेऊन घरी आले: नट ढिले राहता कामा नयेत.

आणि मग जे केलं ते आता सांगायला जड जातं, पण सांगायला हवं, कारण आमच्या भागात बहुतेक सगळे तेच करतात. त्याच रविवारी अंगणात गाडी उभी करून चारही चाकांचे सोळा नट मी नव्यानं आवळले. पान्यावर उभी राहून. माझं वजन पंचावन्न किलो. दोन्ही पाय पान्याच्या टोकावर, हात गाडीच्या टपाला, आणि वर-खाली दोन झोके. नट करकरला की खाली उतरायचं. गंज धरू नये म्हणून कुणीतरी सांगितलं होतं, तर आट्यांवर इंजिन ऑइलचे दोन-दोन थेंबही सोडले. हात धुताना मला फार निर्धास्त वाटलं होतं.

जानेवारीत मागच्या उजव्या चाकात बाभळीचा काटा शिरला. गाडी शेतात होती, कापसाची वेचणी चालू होती. स्टेपनी काढली, पाना लावला, नट हलेना. नवऱ्यानं पान्यात पाण्याच्या मोटारीचा लोखंडी पाइप घातला आणि दोघांनी मिळून ओढला. पहिले तीन किंचाळत सुटले. चौथा थोडा फिरला, मग अडला, मग "कट" असा कोरडा आवाज झाला आणि नटासकट अर्धा स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, पान्यातच आला. तुटलेलं तोंड राखाडी, दाणेदार, ताज्या फोडलेल्या दगडासारखं होतं. ते मी अजून शाळेच्या टेबलाच्या खणात ठेवलंय.

फोन केल्यावर मिस्त्रीकाका मोटरसायकलवर आले, सोबत नवे स्टड आणि नट घेऊन. तुटलेला स्टड ठोकून पाडला, नवा ओढून बसवला. मग उरलेल्या तीन स्टडांवर नवा नट नुसत्या बोटांनी फिरवून पाहिला. दोनांवर तो शेवटपर्यंत सहज गेला. तिसऱ्यावर मध्येच अडला. "हा ताणला गेला," ते म्हणाले. "आटे लांबले याचे. हाही बदला." मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, कोणं आवळले होते हे?"

मी म्हणाले, मीच.

ते रागावले नाहीत. लिंबाच्या सावलीत बसले, चहा घेतला आणि मला बैलगाडीच्या चाकाची धाव आठवते का विचारलं. आठवते. माझ्या माहेरी लोहार धाव चढवायचा ते मी लहानपणी पाहिलंय: गोवऱ्यांच्या आगीत लाल केलेली लोखंडी पट्टी लाकडी चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं, की ती आकसून चाकाला अशी आवळते की वर्षानुवर्षं खिळ्याशिवाय राहते. "स्टडचं तेच हाय," काका म्हणाले. "नट फिरवला का स्टड ताणते. केसभर. त्या ताणावर तो रिमले हबवर दाबून धरते. चाक स्टडवर लटकून नाई राहत, दाबावर राहते. ताण कमी झाला का चाक हलते. ताण जास्त झाला का स्टड लांबून जाते, मंग तो परत येत नाई. रबर जास्त ताणलं का कसं ढिल्लं पडते, तसा."

विज्ञान शिकवते म्हणून ही गोष्ट मला लगेच भिडली. मी इतके दिवस नटाकडे झाकण म्हणून बघत होते, जेवढं घट्ट तेवढं बरं. तो खरं तर एक स्प्रिंग ताणून ठेवणारा तुकडा आहे, आणि स्प्रिंग किती ताणायची याला एक माप असतं. त्यात तेलानं आणखी घोळ केला होता. पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला ढोबळमानानं दहावा हिस्साच स्टड ताणायला जातो, बाकी सगळा नटाच्या बैठकीवर आणि आट्यांमध्ये घासण्यात खर्च होतो. कंपनीनं दिलेलं माप कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतं. आट्यांना तेल लागलं की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणजे मी आधीच जास्त आवळलं होतं आणि वरून तेलही घातलं होतं.

"मग माप किती?" मी विचारलं.

काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. गाडीचं पुस्तक तिथं विकत घेतल्यापासून पडून होतं. त्यात चाक बदलायच्या पानावर स्पष्ट छापलंय: ८५ न्यूटन-मीटर, आणि शेजारी साडेआठ किलोग्रॅम-मीटर. (हे माझ्या आल्टोचं. दुसऱ्या गाडीचं वेगळं असतं, मोठ्या गाड्यांना बरंच जास्त, तेव्हा आपापल्या पुस्तकात बघावं.) साडेआठ किलोग्रॅम-मीटर म्हणजे नटाच्या मध्यापासून एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साडेआठ किलो वजन टांगावं, तेवढा पीळ. अर्ध्या मीटरवर धरलं तर दुप्पट, सतरा किलो. आमच्या वर्गात तरफ शिकवताना मी फळ्यावर हेच गणित मांडते. माझा पाना तीस सेंटिमीटरचा, त्यावर मी पंचावन्न किलो घेऊन उभी राहिले, म्हणजे साडेसोळा. दुपटीच्या जवळ, आणि झोके धरले नाहीत.

ठरवलेला पीळ आला की सांगणारा टॉर्क पाना काकांकडे नव्हता. त्यांच्या हाताला चाळीस वर्षांची सवय आहे, माझ्या हाताला नाही. मी इकडेतिकडे बघत होते आणि समोर लिंबाच्या फांदीला कापूस मोजायचा लटकता काटा होता. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे त्या काट्यात कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून नवरा हंगामाच्या सुरुवातीला त्याला युरियाचं न उघडलेलं पोतं टांगून बघतो. ४५ किलोच्या पोत्याला तो पोत्याचं वजन धरून ४५ च्या किंचित वर दाखवतो. खात्रीचा काटा होता.

पाइपावर नटाच्या मध्यापासून मोजून ५० सेंटिमीटरवर खडूनं खूण केली आणि तिथं सुताची दोरी दोन वेढे देऊन बांधली, नुसता आकडा अडकवला तर घसरतो. दोरीत काट्याचा आकडा. पाइप आडवा ठेवला तर त्याचं स्वतःचं वजनही मापात मिसळतं, म्हणून तो जवळजवळ उभा राहील असा पाना नटावर बसवला. काटा आडवा धरून शून्य केला आणि उजवीकडे ओढायचं ठरलं. ओढ पाइपाशी काटकोनात हवी, तिरपी झाली की माप खोटं.

त्याआधी काकांनी मला चाक बसवायला लावलं, सगळं माझ्या हातानं. रिमची आतली बाजू आणि ती जिथं टेकते ते ब्रेकच्या ड्रमचं तोंड तारेच्या ब्रशनं घासून घेतलं. आट्यांवरचं माझंच तेल जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसलं. नटाची एक बाजू निमुळती असते, ती रिमकडे. त्या उतारामुळेच चाक आपोआप मधोमध येतं, उलटा बसवला तर नट नुसत्या कडेवर टेकतो. चारही नट आधी बोटांनी, पान्याशिवाय, जितके जातील तितके. बोटांनी जात नाही म्हणजे आटा चुकला, तिथं पाना लावला तर आटे गेलेच. मग जॅकवर असतानाच हलकेच आवळले, समोरासमोरचे: वरचा, मग खालचा, मग डावा, मग उजवा. ओळीनं आवळलं तर चाक एका बाजूला आधी दाबलं जातं आणि तिरपं बसतं. मग जॅक उतरवला. शेवटचं माप चाक जमिनीवर टेकल्यावरच घ्यायचं. हवेत ते फिरतं आणि जॅकवर गाडी हलते.

पहिला नट मी ओढला. दहा, बारा, चौदा. वाटलं अजून बराच जोर लागेल. पंधरा, सोळा, सतरा. पाइप कणभर सरकला आणि थांबला. एवढंच? मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "बस. झालं."

माझा विश्वास बसेना. इतका कमी जोर! लहानपणापासून ऐकलं होतं की चाकाचे नट हे गड्याचं काम, बाईच्या हातानं ते ढिलेच राहायचे. ऐकून ऐकून मीही तेच धरून चालले होते, म्हणूनच तर पान्यावर चढले होते. तेवढ्यात वेचणीला आलेल्या बायकांपैकी एक जवळ येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, "काय मोजून राह्यले मॅडम?" मी सांगितलं, सतरा किलो ओढ लागते. तिनं माझ्या हातातला काटा घेतला. चाळीस किलोचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारी बाई ती. तिनं खांदा न हलवता, शांतपणे काटा ओढला आणि सतरावर धरून ठेवला. दुसरा नट तिनं आवळला. तो आकडा काट्यावर स्थिर होता तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. साडेआठ किलोग्रॅम-मीटरला बाई-गडी काही कळत नाही.

बाकी तीन चाकांचे नटही त्याच दिवशी सोडून, आटे पुसून, काट्यावर परत आवळले. आणखी एक स्टड ताणलेला निघाला, तो काकांनी बदलला. काकांनी जाता जाता सांगितलं की जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे, आवळायला डावीकडे फिरवायचे. नव्या माणसानं ते न कळून किती स्टड मोडले असतील त्याची गणती नाही. आमच्या गाडीत तसं काही नाही, सगळे सुलटे.

मार्चमध्ये कापसाचे पैसे आले तेव्हा मी टॉर्क पाना घेतला. दांड्यावर आकडे कोरलेले असतात, मूठ फिरवून ८५ वर आणायची आणि ओढायचं. माप आलं की आत "टक" होतं आणि मुठीला हलकासा धक्का बसतो. तिथं थांबायचं. पुन्हा एकदा खात्रीसाठी ओढलं की तेवढं जास्त आवळलं गेलं. मुठीच्या मधोमध धरायचं, सावकाश ओढायचं, झटका द्यायचा नाही. नट सोडायला हा पाना वापरायचा नाही, त्याला साधाच पाना. काम झालं की मूठ परत सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेली राहून माप चुकायला लागतं. पहिल्याच दिवशी मी तो कापसाच्या काट्याशी ताडून बघितला. टक झालं तेव्हा अर्ध्या मीटरवर काटा सतराच्या आसपासच होता.

पंक्चरच्या दुकानात आता मी उभी राहते आणि बघते. पोरानं रिम पुसली का, नट बोटांनी सुरू केले का. गन वापरू नको असं मी म्हणत नाही, त्याला दिवसभरात कितीतरी चाकं काढायची असतात. फक्त म्हणते, भाऊ, गन नुसती टेकव, घट्ट मी करते. एकानं एकदा विचारलं, "मॅडम, आमच्यावर भरोसा नाई का?" मी त्याला खणातला तुटलेला स्टड आणून दाखवला. त्यानं तो बराच वेळ हातात फिरवला. पुढच्या वेळी गेले तेव्हा त्याच्याकडे तारेचा ब्रश होता.

चाक काढून बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा नट बघायचे असतात. रिमवरचा रंग, गंज, राहिलेली धूळ दाबली जाते आणि ताण थोडा उतरतो. मला हे अंतर सोयीचं पडतं. गावातून निघून सेवाग्रामला पोचेपर्यंत तेवढं होतंच. रुग्णालयाच्या आवारात झाडाखाली गाडी लावते, चाकं थंड होऊ देते, आईंचं दाखवून झालं की परतीच्या आधी पाना काढते.

गेल्या महिन्यात चारही चाकं अदलाबदल करून घेतली होती, त्यामुळे सगळेच बघायचे होते. आई पुढच्या सीटवर औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, दार उघडं. मी चारही चाकांना फेरी मारली, पाना पुसला, मूठ खाली फिरवली आणि डिकी लावली. गाडी सुरू करायला किल्ली घातली तर त्यांनी माझा हात धरला.

"पंधराच वाजले वं."

"काय?"

"टक. सोया व्हायला पायजे ना. चार चोक सोया. म्या मोजले, पंधराच वाजले."

मी उतरले. मागच्या डाव्या चाकाचा खालचा नट राहिला होता.